ळ

शाळेचं मीटर मार्चातच कापलं,
तेव्हापासून पाचही टॅब रोज संध्याकाळी
विजूभाऊ ढोरेच्या चक्कीवर जातात चार्जिंगला
आणि सकाळी परत येतात
काचेवर ज्वारीचं पीठ घेऊन.
मी ओढणीनं पुसते, हजेरी घेता घेता.

एकतीस पोरं, दोन खोल्या, मी,
आणि टॅबमधली ती बाई.
तिला खोकला येत नाही,
जनगणनेची ड्यूटी लागत नाही.
सतरा वेळा सांगते, सतराव्यांदाही तितक्याच गोडीनं:
'पुन्हा प्रयत्न कर.'

दुसरीतली उत्कर्षा इंगळे
चटईवर मांडी घालून बसलीय तिच्यासमोर.
पडद्यावर पिवळा घड, खाली दोन अक्षरं.
ती बोट ठेवते, एकेक सोडवते, मग जोडते:
'केयी.'
पुन्हा प्रयत्न कर.
'केयी.'
पुन्हा प्रयत्न कर.
आता टॅब तोंडाशी धरून,
सुरतच्या मामाशी फोनवर बोलतात तसं,
ओरडून:
'केयीऽऽ!'
मागून प्रणय म्हणतो, 'बहिरी हाये थे.'

ती वाचतेय.
मागच्या दिवाळीपर्यंत जिला क आणि फ एकच दिसायचे
ती वाचतेय, हे मला कुणाला तरी सांगायचंय.
अहवालात तिच्या नावापुढे लाल ठिपका.
तो ठिपका वाशिमला साहेबांना दिसतो, लगेच, त्याच मिनिटाला.
केयी ऐकू जात नाही तिथपर्यंत.

नाशिकला डी.एड.ला असताना
पहिल्याच पाठात मी फळ्याला 'फया' म्हणाले होते.
हसू कुठून सुरू झालं ते आजही सांगते:
खिडकीकडची तिसरी रांग.
त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला,
जीभ उलटी वळवून टाळूला लावत
फळा, नळ, डोळा, कपाळ,
फळा, नळ,
पहाटेपर्यंत.
आता घरी गेले की माय म्हणते,
'पाहुणीवानी बोलतं वं तू.'

टॅबमधली बाई हसत नाही.
एवढं तिचं मानलंच पाहिजे.

मंगळवारी रात्रभर लाइट नव्हती.
पाचही टॅब आले तसेच, काळे, मुके, पिठानं माखलेले.
मी ओढणी पुढे केली तर उत्कर्षा म्हणाली,
'थांबा ना मॅडम.'
आणि पिठात बोटानं काढायला लागली.
उजेडाच्या काचेवर काढलं तर
टिंग वाजून पुसलं जातं, दुसरं चित्र येतं.
हे राहिलं.
एक गोल, शेजारी दुसरा, वर रेघ, जरा वाकडी.
'याले दोन डोये असते,' ती म्हणाली.
'असतात,' मी म्हणाले.
'माह्या नावात बी हाये का हे?'

मी तिच्या अक्षराच्या आधी
इं आणि ग काढले, वर एक मात्रा.
तिनं टॅब हलवून पाहिला, तो नक्की बंद आहे ना.
मग हळूच, प्रत्येक अक्षराला बोट लावत
स्वतःचं आडनाव वाचलं,
आजा सांगतो तसं.
मी थांबले.
ती माझ्याकडे पाहत होती.
प्रयत्न, पुन्हा, कर, यातला एकही शब्द
मला सापडला नाही.

चार टॅब पुसले. पाचवा नाही.

संध्याकाळी चक्कीवर विजूभाऊनं तो उचलला,
दिव्याखाली धरला.
'मॅडम, हे काय लिहून ठेवलं पोरायनं?'
पट्टा फिरत होता, मोठ्यानं सांगावं लागलं.
जीभ टाळूकडे निघालीच होती,
अर्ध्या वाटेवरून परत फिरली.
'इंगये,' मी म्हणाले.