कधीकधी लाल

दोनशे चौदा नंबरची टेस्ट
सकाळी हिरवी, जेवणानंतर लाल,
आणि कुणी हात न लावता
चारला परत हिरवी.

उद्यमबागेत बेअरिंगच्या दुकानावर आमचं ऑफिस.
निपाणीहून निघालेलं पार्सल
इथं पोचलं की पावती नीट छापते का,
एवढंच तिनं सांगायचं.

"इन्नोम्मे," शिवलीला म्हणते. अजून एकदा.
आम्ही अजून एकदा चालवतो.
हिरवी आली की कुणी विचारत नाही
मघाशी काय झालं होतं.
मार्चमध्ये तर मी एक ओळच लिहून ठेवली:
पडली तर तीनदा चालव,
एकदा जरी पास झाली तरी पास.
त्या दिवशी घरी लवकर गेले.

बाबांनी फाउंड्रीत तीस वर्षं कास्टिंग तपासलं.
साखळीला टांगून हातोडीचा एक टोला, आणि कान.
नाद बसका आला की बाजूला.
माझी तीनदाची युक्ती ऐकून
भाकरी मोडता मोडता थांबले.
"तीनदा ठोकून भेग बुजतीय व्हय?
उलट वाढतीय."

शनिवारी एकटीच बसले.
शंभरदा चालवली. एकोणीसदा लाल.
लॉग शेजारी शेजारी लावून
डोळे चुरचुरेपर्यंत वाचले.
दोन प्रोसेस एकाच वेळी गावांची यादी भरत होत्या,
एक लिहायची बेळगाव,
एक लिहायची बेळगावी,
पिनकोड तोच,
आणि टेस्ट बघायची फक्त पहिली ओळ.
जी आधी पोचेल तिचं गाव.

हसू आलं. मग राहिलं.
खालच्या दुकानाच्या पाटीवरचा रंग
माझ्यादेखत तीनदा बदललाय.
खालचे वंटमुरे मात्र तेच,
बेअरिंगही तीच, ग्रीसच्या वासाची.

तीनदाची ओळ पुसली.
टेस्टला सांगितलं, नाव राहू दे, पिनकोड बघ.
आणि पुढच्या माणसासाठी वर लिहिलं:
क्रमावर भरवसा ठेवू नये.

सोमवारी त्याखाली शिवलीलानं
कानडीत एक ओळ जोडलेली.
तिसरीतल्यासारखं एकेक अक्षर लावत वाचली:
आधी कोण आलं, विचारू नये.

ती तिच्या जागेवर, हेडफोन लावून,
वर बघितलंसुद्धा नाही.

चहा आला.
एकशे ऐंशीवी फेरी, अजून हिरवी.
मी पेला नखानं वाजवून
कान लावला.