पंधरा डिसेंबर

सीए खांडेपारकरांचा मेसेज:
आज तिसरा हप्ता.
मार्चपर्यंत अजून किती येतील? अंदाज कळवा.

मी गोरेगावच्या स्टुडिओत
पडद्यावरच्या बायकांसाठी रडते.
मिनिटावर पैसे.
हुंदक्याचे वेगळे मिळत नाहीत.

नोव्हेंबरात स्वरतंतूवर गाठ निघाली.
तीन महिने अवाक्षर नको, म्हणाले डॉक्टर.
कुजबुजसुद्धा नको.

हे खांडेपारकरांना कळवलं नाही.
गेल्या वर्षीचाच आकडा टाइप केला,
वर पाच हजार.

जास्त भरलं तर परत मिळतं, ते नेहमी सांगतात,
कमी भरलं तर व्याज.

पंचाहत्तर टक्के गेले. चलन आलं.
न काढलेल्या आवाजावरचा कर,
सरकारजमा, शिक्क्यासकट.

खालून इस्त्रीवाल्या रामसजीवननं हाक मारली.
मी खिडकीतून हात केला:
सहा कपडे. आणि मग, थांब,
सात.