औटकी

बिंगलीच्या पाच पायऱ्यांच्या लॉकपासून
कालव्याच्या काठाने स्किप्टन, आणि तसंच परत.
मैल मोजायला मॉरीननं बंदी घातलीय.
कीथलीत तीस वर्षं बस चालवलेली बाई,
म्हणते, "मी कधी गावाला पोचलेच नाही.
पुढच्या स्टॉपला पोचले, एवढंच."

म्हणून मी पूल धरते. दगडी, कमानीचे,
कपाळावर नंबर ठोकलेले.
एकशे नव्वद दिसला की एकशे नव्वदच खरा,
बाकीचं यॉर्कशर अजून बांधायचंय.

दोन पुलांच्या मध्ये डोकं मोकळं सोडलं
की ते गुडघ्याकडे जातं,
खपली काढणाऱ्या पोरासारखं.
तेव्हा औटकी.
एक औट साडेतीन, बे औट सात,
तीन औट साडेदहा, चार औट चौदा.
अर्धं आलं की डावा पाय, पुरं आलं की उजवा.

अण्णा कराडला लाकडाच्या वखारीत दिवाणजी.
रोज दिवेलागणीला माझ्या पाठीवर बोटानं ठेका धरत
ही साडेतीनाची कटकट त्यांनी आत ठोकून बसवली.
कॅल्क्युलेटर आला, वखार गेली,
मला ती येते हे मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.
आता बुटांच्या तळव्यांना पाठ आहे.

परतताना, सिल्सडन ओलांडल्यावर,
सात औट
सात औट
आणि पुढे काहीच नाही.
पोटरीत कुणीतरी ओलं फडकं पिळतंय.
बगळा उभा. तो काही मोजत नाहीये.
दुखण्याला म्हटलं, ये, बस, चहा मिळणार नाही.
बसलं. पायावरच.

फिरत्या पुलाशी एक म्हातारा,
एकटा, हातात बोटीची दोरी.
"पलीकडून जरा ढकलतेस का, पोरी?"
पोरी! सेहेचाळिसाव्या वर्षी!
घड्याळ थांबवलं. मॉरीनला सांगायचं नाही.
पलीकडे जाऊन लाकडी दांडा छातीला लावला, रेटला.
पूल रस्त्यासकट कुरकुरत वळला,
एक पांढरी व्हॅन निमूट थांबली.
टपावरच्या कोबीच्या कुंड्या, कुत्रा, धुराडं,
सगळं माझ्यासमोरून
चालण्याहूनही हळू गेलं.
तेवढा वेळ पाय कुणाचे होते, कोण जाणे.

पूल जागेवर लावला. त्यानं टोपी उचलली.
घड्याळ चालू.
पोटरी लगेच हजर.
साडेचोवीस.
आठ औट अठ्ठावीस.