डावा हात

सहा सिलिंडरचं इंजिन खोलून
त्याचं एकेक हाड फडक्यावर मांडताना
माझा हात कधी कापला नाही.
हर्णै बंदरात विचारा कुणालाही.
पण खालची, डावीकडची, शेवटची दाढ
तीन वर्षं माझ्याशी
रात्री दोननंतर बोलायची.

लवंग झाली. लवंगेचं तेल झालं.
मिठाच्या गुळण्या तर इतक्या
की चांगुणा म्हणाली, न्हाणीत भरती आलीय वाटतं.
सुरमई उजवीकडून खायला शिकलो,
मग नुसता कालवण-भात,
मग तोही कोमट.
दापोलीची एसटी समोरून गेली
की मी पाना शोधायला खाली वाकायचो.

खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.
आठ वर्षांचा होतो. जत्रेत
गोणपाट टाकून बसलेला माणूस,
पुढ्यात उपटलेल्या दातांची रास,
भाजायला काढलेल्या शेंगदाण्यांसारखी.
काकाने डोकं मांडीत दाबलं.
मी 'थांबा' म्हणत होतो,
पण तोंडात पक्कड असली
की 'थांबा'चा नुसता 'आ' होतो,
आणि त्यांना वाटलं,
शहाणं पोर आहे, नीट उघडतंय.

पुढे पोटासाठी मीच पक्कड धरली, ते वेगळं.

मार्चमध्ये गाल सुजला.
चांगुणाने काही विचारलं नाही.
बोंबलांच्या टोपलीवर फडकं टाकलं,
मला एसटीत खिडकीशी बसवलं
आणि स्वतः बसली दाराच्या बाजूला.
आसूदच्या वळणावर गाडी हळू झाली,
मी उठायला बघितलं.
तिने गुडघा हलवला नाही.

डॉक्टर परकार. वयाने माझ्या थोरलीएवढी.
खुर्ची आडवी झाली, दिवा तोंडावर आला.
"काका, दुखलं तर डावा हात वर करा.
मी थांबेन."

म्हणतात सगळेच.

सुई गेली. ओठ परका झाला.
मशीन सुरू झालं,
दाढेला अजून लागलंही नव्हतं,
तोच मी हात वर केला.
उगाच. बघायला.

ती थांबली.
मशीन बंद, पाणी बंद.
रस्त्यावर कुणी स्कूटरला किक मारत होतं,
प्लगमध्ये कचरा होता,
ते कळेपर्यंत थांबली.
"दुखतंय?"
मान हलवली. नाही.
"बरं," म्हणाली. एवढंच.

सेहेचाळीस वर्षांनी
कुणीतरी माझा 'आ' नीट ऐकला.

मग कान मोकळे झाले.
ते मशीन किंचाळत नव्हतं, हवेवर फिरत होतं,
मी आजवर खोललेल्या कुठल्याही इंजिनापेक्षा वेगात.
पण मागच्या खोलीतला कॉम्प्रेसर
घटकेघटकेला धापा टाकत उठत होता.
मी पुन्हा हात वर केला.
पुन्हा थांबली.
अर्ध्या जिभेने सांगितलं,
"बाय, कॉम्प्लेसलची हवा गलतेय. व्हॉल्व बघ."
मास्कमागे हसली ती. डोळ्यांवरून कळलं.

पुढच्या गुरुवारी दुसरी खेप.
पिशवीत पाने घेतले, दोन वॉशर,
चांगुणाला म्हटलं, तू बाजार बघ.
भीती गेली असं नाही म्हणणार.
तीही आली होती एसटीत,
चांगुणाच्या जागी, दाराच्या बाजूला.
आसूदला उतरली की पुढे आली,
लक्ष नव्हतं माझं.
व्हॉल्वचा विचार करत होतो.

काल हर्षलच्या तळव्यात गळ रुतला.
माझ्याकडे काम शिकतो, सोळाचा आहे.
डोळे मिटून उभा, ओठ पांढरे.
मी पक्कड उकळून घेतली.
म्हटलं, दुखलं तर दुसरा हात वर कर.
मी थांबेन.

त्याने लगेच वर केला.

मी पक्कड खाली ठेवली.
खाली वाळूत लिलाव रंगला होता,
कोळंबीवरून दोघी भांडत होत्या.
आम्ही दोघं तसेच
जरा वेळ उभे राहिलो.