दारामागचा स्वेटर

रुवीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
दारामागच्या खुंटीला बारा महिने
एक मरून स्वेटर असायचा.
बाहेर सत्तेचाळीस अंश.
गाडीचं स्टिअरिंग धरायला
बाबा ओला पंचा घेऊन उतरायचे,
आणि आमच्याकडे स्वेटर.
मैत्रिणी हसायच्या.
मी सांगायचे, आईला थंडी वाजते.

अगदीच खोटं नव्हतं ते.

फोन बहुधा रात्री यायचा.
‘केळुसकर मॅडम?’
आणि पुढे कुठल्याही भाषेतलं रडणं.
आई गॅस बंद करायची,
भाकरी अर्धी कच्ची, तव्यावरच.
स्वेटर. वही. ‘अहो, चावी.’
बाबा दिवसभर समुद्रातून मीठ काढून आलेले
(गोड्या पाण्याच्या कारखान्यात होते ते)
‘हे घर आहे की वकिलात?’ म्हणत
चपला शोधायचे.
दर वेळी म्हणायचे.
दर वेळी शोधायचे.

शवागारात थंडी असते
हे मला तेराव्या वर्षी कळलं.
घरी कुणी नव्हतं म्हणून तिनं मला सोबत नेलं,
बाहेरच्या बाकावर बसवून आत गेली.
दस्तगीर मुल्ला, मिरजेकडचा,
परांचीवरून पडलेला.
एकदाच जेवला होता आमच्याकडे,
कढी दोनदा मागून घेतली होती.
परत आली तेव्हा बाह्यांना फिनेलचा वास.
म्हणाली, ‘ओळखणारं कुणीतरी लागतं गं,
नाहीतर माणूस नुसता नंबर होऊन पडून राहतो.’

मला तिचा राग यायचा, हेही लिहायला हवं.
दहावीचा रसायनशास्त्राचा पेपर,
आणि ती विमानतळावर, कार्गोच्या खिडकीशी.
चार दिवस बोलले नाही.
पाचव्या दिवशी पानात सुरमईचा मधला तुकडा पडला.
माफी ती अशीच मागायची,
काट्याशिवाय.
हेरंबचं बरं होतं. इतर पोरांना क्रिकेटचे स्कोअर पाठ,
त्याला कुठलं विमान पेटी घेतं, कुठलं नाही, ते पाठ.

वही अजून आहे.
दवाखान्याचा दाखला, पोलिसांचं पत्र, पासपोर्ट रद्द,
सगळं क्रमानं.
मध्येच पेन्सिलीनं:
मोहसीनसाहेब साडेदहाला चहा घेतात, आधी जाऊ नये.
फोन आधी शेजाऱ्यांना, मग त्याच्या आईला.
पाकिटातला फोटो काढू नये.
आणि एका पानाच्या तळाशी, दोनदा अधोरेखित:
पेटीवर नाव मराठीतही लिहावं.
गावाकडे वाचायला म्हातारी माणसं असतात.

या मार्चात ती भाजीबाजारात खाली बसली,
कोथिंबिरीची जुडी हातात,
आणि उठली नाही.

मी पोचले तेव्हा बाबा चपला शोधत होते.
घर की वकिलात,
म्हणाले नाहीत.

आम्ही वही उघडली,
पानामागून पान तिनं सांगितलं तसं केलं.
मोहसीनसाहेब केव्हाच निवृत्त झालेले.
खिडकीतल्या पोरसवदा कारकुनानं नाव वाचलं,
पुन्हा वाचलं,
आणि चहाचा पेला बाजूला सरकवला.

आत मी गेले. ओळखणारं कुणीतरी लागतं.
स्वेटर मला आखूड, मनगटं उघडी.
ती ती होती. मी सही केली.
थंडी होती, आई. खरंच होती.

पेटीवर नाव हेरंबनं लिहिलं,
जाड काळ्या मार्करनं, जीभ दातात धरून,
मस्कतच्या शाळेतलं त्याचं मराठी:
सुहासीनी दिगंबर केळुसकर.
पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी.
मी मार्कर मागून घेतला,
टोपण काढलं,
पुन्हा लावलं.

वाचतील गावाकडे.