नांगर

थर्नविकच्या कड्यावरचा पब.
मॅथायस ग्रिमल्डबीने तो बांधला तेव्हा
दारातून समुद्र दिसत नसे,
ऐकू येई फक्त, तोही पूर्वेचा वारा असला तर.
मधे शेतं होती: ओट, सलगम, एक तिरपं कुरण.
पाटीवर नांगर होता, बैलांमागे चालतो तो,
आणि चिखलाचे बूट दारातच काढावेत
असा कुणीच न पाळलेला नियम.

वर्षाच्या पहिल्या सकाळी, डोकं ठणकत असताना,
मॅथायस दारापासून कड्याच्या काठापर्यंत चालत गेला.
पावलं मोजली. सहाशे बेचाळीस.
तळघरातल्या तुळईवर तापल्या सळईने आकडा डागला.
का, ते कुणाला सांगितलं नाही.
पुढच्या वर्षी सहाशे एकोणचाळीस.
"रात्रीची उतरली नसेल," बायको म्हणाली. "नीट मोज."

नीट मोजायला मग बरीच माणसं झाली.
त्याचा जावई. जावयाची विधवा केझाया ब्लेंकिन,
जिच्या वाट्याला एकाच हिवाळ्यात सतरा पावलं गेली,
आणि शेजाऱ्याचं बार्लीचं शेत, गंजीसकट.
नांगरायलाच काही उरेना, तसे शेतकरी यायचे थांबले.
कोळी येऊ लागले, हेरिंगच्या वासाचे,
उधारीत तेवढेच पक्के.
केझायाने हलहून रंगारी बोलावला:
हा पुसून जहाजाचा नांगर काढ.
रंगाऱ्याने पाटी नुसती उलटी धरली.
फाळाला दोन कान काढले, वर एक कडी,
आणि पैसे घेतले कडीचे नि कानांचे.
बाकीचं, म्हणाला, होतंच की.

नाव बदलायला तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागलं,
टोपी घालून, शुल्क भरून.
माझ्या भाषेत नुसती मान हलवून भागलं असतं.
एक नांगर माती फाडतो,
एक मातीला धरून राहतो.
समुद्राला पहिलाच तेवढा येत होता.

चाळीस ते चव्वेचाळीस आकडे नाहीत.
काठावर काटेरी तार, खाली वाळूत सुरुंग,
चालायची बंदी.
तुळईवर पाच आडव्या रेघा
आणि तिसरीखाली, नखाने कोरल्यासारखं, आल्बर्ट.
कोण, ते मला कुणीच सांगू शकलं नाही.

शेवटची मालकीण विनिफ्रेड स्टॅमर्स.
एकेचाळीस. एकोणचाळीस. छत्तीस.
मग तिची डावी बाजू गेली, अर्धीच परत आली.
त्या नववर्षाला सगळे म्हणाले, आम्ही मोजतो.
ती म्हणाली, ज्याच्या नावावर परवाना, त्याची पावलं.
काठीवर रेलून निघाली, हिमात,
मागून तिचा म्हातारा कुत्रा, त्याहून हळू.
परत आली तेव्हा बार भरलेला होता.
"त्रेपन्न," ती म्हणाली.

कुणी काही बोलेना.
मग कोपऱ्यातून कथबर्ट हेरनने ग्लास आपटला:
"हटला गं! दोनशे वर्षांत पहिल्यांदा हटला!"
आणि ती रात्र फुकट गेली सगळ्यांना.
नगरपालिकेचा एक पोरगा टेप घेऊन आला होता.
त्याच्या हातात अर्धा पाइंट दिला,
टेप काउंटरमागे ठेवून घेतली.
सळई तापवली. त्रेपन्न डागलं.
खोटं कुठे होतं? पावलं तेवढीच पडली होती.

मार्चमध्ये इमारत पाडली, आपसूक पडायच्या आत.
तुळई कुणी नेली ठाऊक नाही.
पाटी विनिफ्रेडच्या भाच्याकडे आहे, गॅरेजात,
जुन्या सायकलींमागे.
मिठाने वरचा रंग सुटतोय.
कडी आधी गळाली, मग एक कान,
खालून फाळ डोकावू लागलाय.
भाचा विचारत होता,
परत रंगवायची तर कोणतं चित्र काढू?

मी म्हटलं, नांगर.
तो म्हणाला, काय?