गाळलेले शब्द

नववीच्या वर्गात सतरा मुलं.
बाहेर पावणेतीनलाच मावळलेला नोव्हेंबर,
दुधावर साय धरावी तसा तळ्यावर बर्फ.
मी म्हटलं, दहा ओळी लिहा,
कागद गिरणी बंद पडली त्या वर्षाबद्दल.
शुद्धलेखन तपासणार नाही.

सतरा निबंध यंत्रात ओतले.
काहीतरी क्षणभर गोल गोल फिरलं
आणि पडद्यावर शब्दांचा ढग आला.
जो जास्त वेळा आला तो जाड,
एकदाच आला तो मुंगीएवढा.
मधोमध, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांसारखा,
भीती.
तिच्या काखेत बाबा, पायाशी स्वीडन.
कोपऱ्यात कुत्रा, का कोण जाणे.

घर मात्र दिसेना.
पिह्लाने शोधून काढलं.
"बाई, ते फुटलंय."
आमच्या फिनिशमध्ये घराला पंधरा शेपट्या:
घरात, घरून, घराकडे, घराविना...
यंत्राला ती पंधरा निरनिराळी घरं वाटली,
प्रत्येक इतकं बारीक
की दार कुठे ते कळू नये.

चित्र छापून मी जिन्यापाशी लावलं.
दुपारी मुख्याध्यापक कार्प्पिनेन त्यासमोर थबकले.
हातातली कॉफी तिथेच निवली.
संध्याकाळच्या आत काजानीच्या समुपदेशकांना फोन गेला:
आमची मुलं घाबरलीत, उद्याच या.

रात्री मी निबंध पुन्हा काढले,
कागदावर, पेन्सिल घेऊन.
"मला भीती वाटत नाही."
"आईला भीती नाही. ती फक्त रात्री उठून भांडी घासते."
"बाबा म्हणाले भीती नाही, स्वीडनला काम मिळतं."
म्हणजे?
तेव्हा आठवलं, यंत्राजवळ एक यादी असते
फुकटच्या शब्दांची:
आणि, पण, की, तर, तो, ती.
सूप घेऊन बसतं ते, दाणे ठेवतं, कोंडा उडवतं.
त्या यादीत नाही होतं.
नाहीस, नाहीत, नव्हतो, नव्हती,
सगळं खानदान.
आमच्याकडे नकार हे क्रियापद आहे,
ज्याचा त्याने चालवायचा असतो.
एका फुंकरीत गेला सगळा.

सकाळी वर्गात म्हटलं, चूक माझी.
यादीतून नाही सोडवून आणलं, ढग पुन्हा केला.
आता तोच सगळ्यांत जाड,
भीती त्याच्याआड अर्धी झाकलेली.
कार्प्पिनेन यांनी मोठा श्वास सोडला.
काजानीच्या बाईंनी कोट चढवायला घेतला.

तेव्हा उना, जी एरवी बोलत नाही,
खिडकीकडे बघत म्हणाली,
"पण भीती नाही असं
अकरा वेळा कोण लिहितं?"

कोणी हसलं नाही.
बाईंनी कोट परत खुंटीला लावला.

राहिला वेती.
त्याने दहा ओळी लिहिल्याच नव्हत्या.
एकच वाक्य, तेही तिरकं:
आम्ही अजून इथेच आहोत.
म्हटलं बघू, याचा ढग कसा होतो.
जुनी यादी तशीच ठेवून ते वाक्य आत घातलं.
आम्ही गेलं.
अजून गेलं.
इथेच, आहोत, दोन्ही गेले.
पडदा पांढरा, खाली बारीक अक्षरांत
एकही शब्द सापडला नाही.

मी सावरून घ्यायला तोंड उघडलं,
तर वेती म्हणाला, "हेच छापा."

छापलं.
छापयंत्रातून कोरा कागद बाहेर आला, जरा कोमट.
त्याला चार टाचण्या मारल्या, ढगाच्या शेजारी.
येणारे-जाणारे विचारतात,
इथलं चित्र कोणी काढून नेलं का?
पालकसभेला एका आजोबांनी मात्र
बोटांत धरून त्याचा काठ चोळला,
जाडी ओळखली, मशीनचा नंबर सांगितला
आणि टोपी घालून निघून गेले.

कागद आमच्याच गिरणीचा,
कपाटातल्या शेवटच्या गठ्ठ्यातला.
अजून तीनशे बारा उरलेत.
मी हाताने मोजलेत.